घरचा पीसी बाहेरून चालवायचा तर

नागपुरातल्या कितीतरी घरांत एक धडधाकट डेस्कटॉप असतो आणि तो ज्याच्या कामाचा, तो माणूस भलतीकडेच असतो. मुलगा हिंजवडीत नोकरीला, त्याच्या जुन्या फाइली मात्र मनीषनगरच्या पीसीत. व्यापाऱ्याची टॅली इतवारीच्या दुकानात, आणि जीएसटी रिटर्नची आठवण होते ती रात्री घरी जेवण झाल्यावर. वकीलसाहेब सिव्हिल लाइन्सला खंडपीठात, आणि ऐनवेळी लागलेलं शपथपत्र घरच्या संगणकात.

सगळ्यांना हवं असतं ते एकच. लांबून आपला पीसी उघडावा, आणि तो आपल्याखेरीज कुणाला उघडता येऊ नये. यातलं पहिलं आज दहा मिनिटांत जमतं. दुसऱ्याकडे लक्ष जातं ते बहुधा फाइली कुलूपबंद होऊन पडद्यावर खंडणीची चिठ्ठी झळकल्यावर. त्या दुसऱ्या भागासाठी आज कोणते मार्ग आहेत, त्यांत धोका कुठे आहे आणि नागपूरच्या साध्या घराला काय झेपतं, ते या लेखात पाहू.

टेलनेटपासून लॉकडाऊनपर्यंत

दूरच्या यंत्रावर बसल्या जागेवरून काम करायची सोय इंटरनेटइतकीच जुनी. सुरुवातीच्या टेलनेटमध्ये पासवर्ड उघड्या अक्षरांत जाळ्यावरून जायचा. १९९५ मध्ये हेलसिंकी तंत्रज्ञान विद्यापीठाच्या जाळ्यात कुणीतरी असे पासवर्ड टिपून घेतले. तेव्हा तिथल्या टाटू युलोनेन यांनी सगळा संवाद सांकेतिक करून पाठवणारं एसएसएच लिहिलं. त्यासाठी त्यांनी २२ क्रमांकाचं पोर्ट, म्हणजे यंत्रात शिरायचं दार, मागून घेतलं. एफटीपीचं २१, टेलनेटचं २३, मधला आकडा मोकळा होता. आपल्याकडे विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं तेही त्याच वर्षी, १५ ऑगस्टला.

एसएसएचवर काळ्या पडद्यावर आज्ञा टाइप कराव्या लागतात, त्यामुळे ते जाणकारांपुरतं राहिलं. माउसने चालणारा अख्खा पडदा दुसरीकडे दिसावा, ही सोय केंब्रिजच्या प्रयोगशाळेतून आलेल्या व्हीएनसीने आणि मायक्रोसॉफ्टच्या रिमोट डेस्कटॉपने दिली. २००१ च्या विंडोज एक्सपी प्रोफेशनलपासून ती घरच्या संगणकावर आली. तेव्हापासूनचा एक भेद आजही कायम आहे. विंडोजच्या प्रो आवृत्तीवर रिमोट डेस्कटॉपने बाहेरून येता येतं, होम आवृत्तीवर येत नाही. दुकानातून घेतलेल्या साध्या लॅपटॉपवर बहुधा होमच असते, आणि ही गोष्ट गावाला पोचल्यावर कळते.

मग मार्च २०२० उजाडला. तोवर आयटी आणि कॉल सेंटरच्या कंपन्यांना दूरसंचार विभागाच्या नियमांमुळे माणसांना घरून कामाला बसवणं सोपं नव्हतं. ठरावीक परवानाधारकाकडूनच व्हीपीएन घ्या, अनामत ठेवा, अशा अटी होत्या. टाळेबंदीत त्या सैल झाल्या आणि ५ नोव्हेंबर २०२० च्या नव्या मार्गदर्शक तत्त्वांत बऱ्याचशा निघूनच गेल्या. मिहानमधल्या टीसीएस, एचसीएलसारख्या कंपन्यांची कामं घराघरांतून चालू लागली आणि ‘व्हीपीएन लागला का?’ हा प्रश्न स्वयंपाकघरापर्यंत ऐकू येऊ लागला. घरून ऑफिसात शिरायची सवय झाली, तशी ऑफिसातून किंवा परगावाहून घरात शिरायचीही गरज वाटू लागली.

आयपी आपला नसतोच

इंटरनेटवरचे व्हिडिओ पाहून ‘राउटरमध्ये पोर्ट फॉरवर्ड करा’ असं शिकलेला माणूस संध्याकाळभर खटपट करतो आणि काहीच चालत नाही. बऱ्याचदा चूक त्याची नसतेच. जुन्या पद्धतीचे आयपी पत्ते संपले आहेत. आशिया-पॅसिफिकचा साठा एप्रिल २०११ मध्येच तळाला गेला. म्हणून इंटरनेट कंपन्या शेकडो ग्राहकांना मिळून एकच सार्वजनिक पत्ता देतात. याला सीजीनॅट म्हणतात. मोठ्या फ्लॅट स्कीमचा पत्ता जगाला माहीत असावा, पण फ्लॅट नंबर कुणालाच दिलेला नसावा, तसला हा प्रकार. आतून बाहेर पत्र जातं, बाहेरून आलेलं मात्र कुठे द्यायचं ते कळत नाही.

आपण यात आहोत का, हे दोन मिनिटांत कळतं. ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ किंवा राउटरच्या खाली चिकटवलेल्या लेबलवरचा पत्ता टाका, आत शिरा आणि ‘वॅन’ किंवा ‘इंटरनेट स्टेटस’ या पानावरचा आयपी कागदावर लिहून घ्या. मग ‘माझा आयपी काय’ असं शोधून जो आकडा दिसतो तो शेजारी लिहा. दोन्ही सारखे असतील तर पत्ता तुमचा. वेगळे असतील, विशेषतः राउटरवरचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ यांपैकी कशाने सुरू होत असेल, तर तुम्ही सीजीनॅटमागे आहात. ही पट्टी २०१२ मध्ये याच कामासाठी राखून ठेवली गेली.

यावर सरळ उपाय दोन. कंपनीकडे पैसे भरून स्टॅटिक आयपी मागायचा, किंवा आयपीव्ही६ वापरायचं. आयपीव्ही६ च्या वापरात भारत जगात पुढच्या रांगेत आहे आणि अनेक घरांत ते आपसूक चालू असतं. पण राउटर बाहेरून येणारं सहसा अडवून धरतो, आणि ज्या हॉटेलच्या वायफायवरून तुम्ही यायचं म्हणता तिथे आयपीव्ही६ असेलच असं नाही. शिवाय पत्ता मिळाला म्हणजे प्रश्न सुटला असं होत नाही. खरी काळजी तिथूनच सुरू होते.

उघडं पोर्ट आणि रात्रभर चालणारे प्रयत्न

रिमोट डेस्कटॉपचं पोर्ट ३३८९. ते राउटरवर उघडलं की आपल्यासकट अख्ख्या जगाला ते दिसतं. कोणतं यंत्र कुठे उघडं आहे याची यादी ठेवणारं शोडानसारखं शोधयंत्र २००९ पासून चालू आहे. कुणी तुमचं नाव घेऊन मागे लागलेलं नसतं. यंत्रं आकडे फिरवत बसलेली असतात आणि तुमचा आकडा त्यांत येतोच.

ज्याला हे पटत नसेल त्याने उघड्या आयपीवरच्या एखाद्या लिनक्स यंत्राची लॉग फाइल एकदा पाहावी. ‘फेल्ड पासवर्ड’ अशा ओळी एकाखाली एक, कधी सेकंदाला एक. आधी ‘रूट’, मग ‘अॅडमिन’, मग ‘टेस्ट’, ‘ओरॅकल’, ‘उबुंटू’, ‘पाय’. जगात जी नावं लोक आळसाने ठेवतात ती सगळी क्रमाने. विंडोजवर हेच ‘अॅडमिनिस्ट्रेटर’, ‘यूजर’, ‘टॅली’ अशा नावांनी चालू शकतं. दुकानाचं नाव आणि त्यापुढे १२३ असा पासवर्ड ठेवणारा या खेळात फार काळ टिकत नाही. धर्मा नावाच्या खंडणीखोर व्हायरसच्या टोळ्यांनी वर्षानुवर्षं असाच, उघड्या रिमोट डेस्कटॉपचे पासवर्ड ओळखून, लहान व्यावसायिकांत शिरकाव केला.

पासवर्ड भक्कम असला तरी मूळ प्रणालीतच भोक निघू शकतं. मे २०१९ मध्ये ब्लूकीप नावाची त्रुटी उघडकीस आली. जुन्या विंडोजवर पासवर्ड न टाकताच रिमोट डेस्कटॉपमधून ताबा घेता येत होता. प्रकरण इतकं गंभीर होतं की मायक्रोसॉफ्टने केव्हाच निवृत्त केलेल्या एक्सपीसाठीसुद्धा दुरुस्ती काढली. आता विंडोज १० चाही नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आहे, आणि आपल्याकडच्या दुकानांत, कार्यालयांत हीच प्रणाली अजून ठाण मांडून आहे. ३३८९ ऐवजी दुसरा आकडा ठेवला की सुरक्षित, असं सांगणारे भेटतात. त्याने लॉगमधल्या ओळी कमी होतात, धोका तेवढाच राहतो.

एसएसएच यापेक्षा पुष्कळ बरं, पण पासवर्ड बंद करून फक्त किल्लीने प्रवेश ठेवला तरच. किल्ली म्हणजे दोन फाइलींची जोडी. एक घरच्या यंत्रावर, दुसरी तुमच्या लॅपटॉपवर, आणि तिलाही वर सांकेतिक वाक्य. तरीही निर्धास्त राहू नये. २९ मार्च २०२४ रोजी अँड्रेस फ्रॉइंड या अभियंत्याने जाहीर केलं की एक्सझेड नावाच्या, लिनक्सवर सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या साधनात कुणीतरी मुद्दाम चोरवाट पेरली आहे आणि ती एसएसएचपर्यंत पोचते. त्यांना संशय आला तो लॉगिनला नेहमीपेक्षा अर्धा सेकंद जास्त का लागतो, एवढ्यावरून. तेव्हा उत्तमोत्तम साधनसुद्धा जगासमोर उघडं ठेवण्यापेक्षा आडोशाला ठेवलेलं बरं.

‘काका, नंबर सांगा न!’

प्रत्यक्षात नागपूरच्या बाजारात चालतं ते एनीडेस्क. टॅलीवाला फोनवर म्हणतो, ‘काका, एनीडेस्क चालू करा अन् नंबर सांगा न!’ आणि पुढच्या मिनिटाला माउस आपोआप फिरू लागतो. टीमव्ह्यूअर, क्रोम रिमोट डेस्कटॉप, रस्टडेस्क हेही त्याच जातकुळीचे. यांचं काम सोपं आहे. तुमचा पीसी स्वतःहून कंपनीच्या सर्व्हरला जोडलेला राहतो, तुम्ही बाहेरून त्याच सर्व्हरला जोडता, आणि तो दोघांची गाठ घालून देतो. सगळं आतून बाहेर जात असल्यामुळे सीजीनॅटची अडचण उरत नाही, राउटरला हात लावावा लागत नाही, होम आवृत्तीही चालते.

किंमत मोजावी लागते ती विश्वासाची. मधला सर्व्हर परक्याचा असतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये एनीडेस्कनेच जाहीर केलं की त्यांच्या यंत्रणेत घुसखोरी झाली आहे, आणि त्यांनी ग्राहकांच्या पोर्टलचे पासवर्ड रद्द केले. अशा अॅपमध्ये ‘अनअटेंडेड अॅक्सेस’ चालू केला, म्हणजे समोर कुणी नसतानाही आत येता येईल अशी सोय ठेवली, की तो एक पासवर्ड हाच सगळा पहारा. तिथे दुपदरी पडताळणी नसेल तर ती सोय वापरू नये.

मोठं नुकसान मात्र तंत्रातून होत नाही, फोनवरच्या गोड बोलण्यातून होतं. फेब्रुवारी २०१९ मध्येच रिझर्व्ह बँकेने बँकांना सावध केलं होतं. ग्राहकाला एनीडेस्क उतरवायला लावतात, नऊ आकडी क्रमांक विचारतात आणि त्याच्याच फोनवरून पैसे वळते करतात. त्यानंतर सबबी बदलत गेल्या. कधी केवायसी, कधी ‘वीजबिल थकलंय, आज रात्री साडेनऊला लाइन कापणार’, कधी डिजिटल अरेस्ट. क्रमांक विचारण्याची पद्धत तीच राहिली. विंडोजसोबत येणारं क्विक असिस्टही असंच वापरलं जात असल्याचं मायक्रोसॉफ्टने मे २०२४ मध्ये सांगितलं.

म्हणून जो मुलगा आईबाबांच्या पीसीवर असं अॅप टाकून जातो, त्याने एक नियमही सांगून जावा. मी फोन करून, माझ्या आवाजात सांगितल्याशिवाय हा नंबर कुणालाही द्यायचा नाही, बँकेच्या साहेबालाही नाही. आणि काही भलतंसलतं दिसलं तर विचार करत न बसता राउटरची पिन ओढायची.

स्वतःचं खासगी जाळं

वरच्या दोन्ही मार्गांतलं चांगलं घेऊन वाईट टाळणारा मार्ग गेल्या काही वर्षांत घरगुती माणसाच्या आवाक्यात आला आहे. घर आणि लॅपटॉप यांच्यात स्वतःचा व्हीपीएन. आधी ओपनव्हीपीएन होतंच, पण ते बसवणं किचकट. जेसन डोनेनफेल्ड यांनी लिहिलेलं वायरगार्ड मार्च २०२० मध्ये थेट लिनक्सच्या गाभ्यात सामील झालं. त्याचा मूळ कोड जेमतेम चार हजार ओळींचा, म्हणजे तज्ज्ञाला बसून वाचून तपासता येईल एवढा. ज्याच्याकडे योग्य किल्ली नाही त्याला ते उत्तरच देत नाही. त्यामुळे धुंडाळणाऱ्या यंत्रांना तिथे काही आहे हे कळतही नाही.

निव्वळ वायरगार्डला एका बाजूला तरी पोचता येण्याजोगा पत्ता लागतो. सीजीनॅटमागे असलेल्यांसाठी त्यावरच उभारलेलं टेलस्केल सोयीचं. दोन्ही यंत्रं आतून बाहेर जोडतात, मधला सर्व्हर फक्त ओळख करून देतो, आणि शक्य असेल तेव्हा ती थेट एकमेकांशी बोलतात. थेट जमलं नाही तर निरोप मधल्या सर्व्हरवरून जातो, पण सांकेतिकच जातो. झीरोटिअर हेही साधारण याच कामाचं.

बसवायला फार काही लागत नाही. घरच्या पीसीवर आणि लॅपटॉपवर अॅप टाकायचं, दोन्हीकडे एकाच खात्याने शिरायचं. पीसीला शंभरने सुरू होणारा खासगी पत्ता मिळतो. लॅपटॉपच्या रिमोट डेस्कटॉपमध्ये तो टाकला की पडदा उघडतो. तीन गोष्टी मात्र लोक विसरतात. पहिली, पीसीवर ‘रन अनअटेंडेड’ चालू करणं. नाहीतर विंडोजमधून लॉगआउट झाल्यावर जोडणीही जाते. दुसरी, यंत्राच्या किल्लीची मुदत. मुळात ठरलेली मुदत १८० दिवसांची असते, त्यामुळे सगळं सुरळीत चाललेलं असताना सहाव्या महिन्यात पीसी अचानक दिसेनासा होतो. घरच्या यंत्रापुरती ती मुदत बंद करता येते. तिसरी, विंडोज फायरवॉलमध्ये ३३८९ फक्त या खासगी पत्त्यांनाच खुलं ठेवणं.

कच्चा दुवा एकच उरतो. ज्या गूगल किंवा मायक्रोसॉफ्ट खात्याने तुम्ही शिरता ते खातं. त्याला दुपदरी पडताळणी लावा, तीही एसएमएसऐवजी अॅपची किंवा पास-कीची. ज्यांना परका सर्व्हर अजिबात नको त्यांच्यासाठी हेडस्केल आहे, पण मग तो सर्व्हर सांभाळायची जबाबदारीही आपलीच.

एक गैरसमज इथेच दूर करायला हवा. जाहिरातींत दिसतो तो व्हीपीएन वेगळा. तो तुमची रहदारी त्या कंपनीच्या सर्व्हरवरून फिरवतो, घरच्या पीसीपर्यंत नेत नाही. केंद्र सरकारच्या सर्ट-इन या सायबर सुरक्षा संस्थेने २८ एप्रिल २०२२ च्या आदेशात ग्राहकांच्या नोंदी पाच वर्षं ठेवायला सांगितलं ते या कंपन्यांना, आणि त्यावरून काहींनी भारतातले सर्व्हर हलवले. स्वतःच्या दोन यंत्रांत स्वतः बांधलेला व्हीपीएन त्यात येत नाही आणि तो वापरायला कुणाची परवानगी लागत नाही. परवानगी लागते ती दुसऱ्याच्या संगणकासाठी. मालकाच्या संमतीविना लबाडीने शिरणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ खाली तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्हींचा गुन्हा आहे. नोकरी सोडलेल्या मुनिमाच्या लॅपटॉपवर जुनी जोडणी राहू देणाऱ्या दुकानदाराने हे दोन्ही बाजूंनी ध्यानात घ्यावं.

वीज, झोप आणि डीएससी

सगळं बसवून गाडीत बसल्यावर जोडणी तुटते त्याची कारणं बहुधा साधी असतात. पहिलं, पीसी झोपतो. पॉवर सेटिंगमध्ये ‘स्लीप’ बंद केलेलंच नसतं. दुसरं, मे महिन्यात वीज जाते, येते, पण पीसी बंदच राहतो. बायोसमध्ये ‘एसी पॉवर लॉस’नंतर आपोआप सुरू व्हायची सोय असते, ती चालू करून ठेवावी. राउटरला छोटा यूपीएस द्यावा. पंचेचाळीस अंशांच्या उन्हात बंद फ्लॅटमध्ये डेस्कटॉप दिवसरात्र चालू ठेवणं मुळात शहाणपणाचं नाही.

बिलाचाही हिशेब करावा. साठ वॅट खाणारा पीसी चोवीस तास चालला तर महिन्याला सुमारे ४३ युनिट जळतात. पाच वॅटचा रास्पबेरी पाय हा चिमुकला संगणक साडेतीन-चार युनिटांत भागतो. म्हणून चांगली मांडणी अशी की पाय सदैव जागा, टेलस्केलही त्यावर, आणि गरज पडेल तेव्हा त्यानेच पीसीला उठवायचं. त्यासाठी लागणारं ‘मॅजिक पॅकेट’ म्हणजे सहा ठरावीक बाइट आणि पुढे पीसीच्या नेटवर्क कार्डाचा पत्ता सोळा वेळा, एवढंच. ही सोय बायोसमध्ये चालू हवी आणि विंडोजचं ‘फास्ट स्टार्टअप’ बंद.

सीए आणि कर सल्लागारांचं दुखणं वेगळंच. रिमोट डेस्कटॉपने आत गेल्यावर ऑफिसच्या पीसीला लावलेलं डीएससी, म्हणजे डिजिटल सहीचं टोकन दिसत नाही. टोकन बिघडलेलं नसतं. रिमोट डेस्कटॉप समोरच्या यंत्राऐवजी तुमच्या हातातल्या यंत्राचं कार्ड शोधतो. यावर तोडगा म्हणून लोक एनीडेस्क वापरतात आणि अशिलांची टोकनं पीसीला लावून ठेवतात. पिनही बहुधा टोकनवर चिकटवलेल्या कागदावर. पीसीत शिरणाऱ्याला मग अशिलाची सहीसुद्धा आयती मिळते. सही करायची तेव्हा टोकन लावावं, नंतर काढून कपाटात ठेवावं, याला तंत्रज्ञानात पर्याय नाही.

कुणी काय निवडावं

आधी स्वतःला विचारावं की अख्खा संगणक हवा आहे का. नुसत्या फाइली हव्या असतील तर त्या क्लाउडवर किंवा घरच्या जाळ्यावरच्या साठवणीत, म्हणजे नॅसवर, ठेवलेल्या बऱ्या. टॅलीचे अहवालच पाहायचे असतील तर टॅलीप्राइममध्ये ते ब्राउझरमधून दिसतात. जितकं कमी उघडावं तितकं कमी राखावं लागतं.

आईबाबांना अधूनमधून मदत करायची असेल तर समोर बसलेल्या माणसाने ‘हो’ म्हटल्यावरच चालणारं अॅप पुरे. कायमची सोय ठेवूच नये. रोज स्वतःचा पीसी वापरणाऱ्याने टेलस्केलसारखं खासगी जाळं घ्यावं आणि प्रो आवृत्ती असेल तर त्यातून रिमोट डेस्कटॉप, नसेल तर रस्टडेस्क चालवावं. लिनक्सवाल्यांनी त्याच जाळ्यातून किल्लीचं एसएसएच. दुकानदार आणि सीए यांच्यासाठी एवढ्यावर भागत नाही. प्रत्येक माणसाचं वेगळं खातं, रोजच्या कामाला अॅडमिन नसलेला यूजर, माणूस गेला की त्याच दिवशी खातं बंद, आणि एक बॅकअप असा की जो पीसीला जोडलेला राहत नाही. खंडणीची चिठ्ठी आली तर वाचवतो तो हाच बॅकअप.

पैसे गेलेच तर पहिल्या तासात १९३० ला फोन करा, मग सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इनवर तक्रार नोंदवा. लाज वाटून दोन दिवस गप्प बसण्याने फक्त चोराचा फायदा होतो.

बाकी सगळं सवडीने करा, एक काम आजच करा. राउटरच्या पानावर ‘पोर्ट फॉरवर्डिंग’ची यादी उघडा. त्यात ३३८९ दिसलं, किंवा कधी कुणी टाकलं हे आठवत नाही असा कुठलाही आकडा दिसला, तर तो काढून टाका.